तीन कोटेशनं आणि एक बेबी ऑस्टिन

हार काढू नका, विष्णुपंत. राहू द्या गळ्यात. घालणाऱ्याची पाठ अजून फिरलेली नाही आणि तुम्ही त्याचा दोरा तपासायला लागलात. दोरा चांगला आहे. मी स्वतः ओढून पाहिला आहे. हिंदुराव, त्यांचा हात धरा जरा. हं. आता ठीक.

सन्माननीय अध्यक्ष महोदय. अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसलेले कारखान्याचे व्यवस्थापक साहेब. डाव्या हाताला बसलेले बदलापूरचे डॉक्टर जयदेव टिपणीस, ज्यांची मोटार बाहेर उभी आहे आणि आता त्यांची नाही. अंबरनाथ हौशी मोटार मंडळाचे सभासद. उल्हासनगर कॅम्पातून मुद्दाम आलेले आणि खुर्ची देऊनही दाराशीच उभे राहिलेले ताहिलराम मिस्त्री. वसाहतीतल्या बंधूंनो आणि भगिनींनो. आणि आजचे सत्कारमूर्ती श्री. विष्णुपंत दाबके. त्यांच्या पत्नी सौ. माईंचं नाव मी शेवटी घेतो आहे. हा क्रम चुकलेला नाही. मला आज जे बोलायचं आहे ते मुख्यतः त्यांच्याशी बोलायचं आहे. बाकीच्यांनी ऐकलं तरी माझी हरकत नाही.

विष्णुपंतांच्या नोकरीविषयी व्यवस्थापक साहेब बोलले. यंत्रखात्याविषयी बोलले. त्यात मी काही भर घालू शकत नाही. मी शाळामास्तर. मुलांना मराठी शिकवतो. मला मोटार चालवता येत नाही, आणि याच गुणावर मोटार मंडळाने मला चिटणीस केलं. ज्याची स्वतःची गाडी नाही तो कोणाच्या गाडीची बाजू घेणार नाही, असं त्या वेळी विष्णुपंत म्हणाले होते. तेव्हा मी आज मंडळाच्या वतीने बोलतो आहे.

विष्णुपंत निवृत्त झाले, आणि परवा सोमवारी ते आणि माई ही वसाहत सोडून वाईला जाणार. सामान बांधून झालं आहे. मधे उद्याचा एक रविवार आहे. उद्या सकाळी नेवाळीच्या धावपट्टीवर मंडळाच्या फेऱ्या आहेत. विष्णुपंतांच्या आयुष्यातली स्वतःच्या गाडीतली पहिली फेरी उद्या होईल, किंवा कधीच होणार नाही. वाईला घाट आहेत, देवळं आहेत. धावपट्टी नाही.

आणि ही फेरी अडली आहे. गाडीसाठी नाही, पेट्रोलसाठी नाही. कशासाठी अडली आहे ते माईंना माहीत आहे, विष्णुपंतांना माहीत आहे आणि चिटणीस म्हणून मला माहीत आहे. आता सगळ्यांना सांगतो. विष्णुपंत, खाली बघू नका. तुमचा सत्कार चालला आहे.

पाहुण्यांसाठी थोडं मागचं सांगायला हवं.

नेवाळीला लढाईच्या वेळी विमानं उतरत होती. लढाई संपली, विमानं गेली, सिमेंटची पट्टी उरली. तिच्या भेगांतून गवत आलं. गुरं चरायला लागली. आसपासच्या गावांनी भात झोडायला तिच्यापेक्षा चांगली जागा पाहिली नव्हती. सारवायला नको, चोपायला नको. तिथे जवळच्या गावच्या नवसूचं खळं आहे. तो म्हणतो, खळं सिमेंटावर असलं तरी सिमेंटाखालचं वावर त्याच्या बापाचं आहे. आम्ही ते कधी नाकारलं नाही.

तीन हिवाळ्यांपूर्वी आम्ही पाचसहा जण तिथे पहिल्यांदा मोटारी घेऊन गेलो तेव्हा नवसू आडवा आला. म्हणाला, "शेट, गारी फिरवाची तं फिरवा. पन माझे भातावं धूल नको." हिंदुराव जीपमधून उतरून त्याला समजावू लागले की ही जागा सरकारची आहे. विष्णुपंतांनी हिंदुरावांना मागे सारलं आणि रॉकेलचे रिकामे डबे चुन्याने रंगवून खळ्याला लांबचा वळसा आखला. त्या जागेला आता सगळे नवसूचं वळण म्हणतात. तिथे वेग कमी करावा लागतो. मुंबईहून एकदा दोन पाहुणे गाड्या घेऊन आले होते. त्यांनी विचारलं, इतक्या सरळ पट्टीत हे वळण कशासाठी? विष्णुपंत म्हणाले, "भातासाठी." त्यांना वाटलं, हा मोटारींच्या शास्त्रातला शब्द असेल.

मंडळाचे सगळे नियम विष्णुपंतांनी लिहिले. पहिला नियम, नवसूने हात वर केल्याशिवाय कोणीही पट्टीवर जायचं नाही. चौथा नियम, घड्याळ लावलेल्या फेरीत चालकाशिवाय गाडीत कोणीही बसायचं नाही.

हा चौथा नियम का झाला तेही सांगतो, कारण आजचं सगळं त्यावर आलं आहे. पहिल्याच रविवारी हिंदुरावांनी आपल्या मेहुण्यांना जीपमध्ये घेतलं. वळणावर गाडी एका अंगाला कलते, तेव्हा दुसऱ्या अंगाला वजन हवं, असा त्यांचा हिशेब होता. मेहुण्यांना त्यांनी सांगितलं, "दाजी, मी ओरडलो की बाहेर झुकायचं." हिंदुराव ओरडले. दाजी झुकले. जीप पुढे गेली आणि दाजी नवसूच्या पेंढ्यात राहिले.

"हाडं शाबूत होती की!" हे हिंदुराव आत्ता म्हणाले. होय, हाडं शाबूत होती. पण त्या दिवसापासून दाजी हिंदुरावांच्या घरी जेवायला येत नाहीत. आणि मंडळाला चौथा नियम मिळाला.

तीन हिवाळे विष्णुपंत पट्टीच्या कडेला टेबल टाकून बसले. डोक्यावर सोला हॅट, हातात थांबवायचं घड्याळ. प्रत्येकाची वेळ त्यांनी घेतली. मी त्यांना विचारलं, तुम्ही का चालवत नाही? म्हणाले, "माझ्याकडे गाडी नाही." हिंदुराव म्हणाले, "माझी घ्या की, पंत." त्यावर ते म्हणाले, "दुसऱ्याच्या गाडीचा ब्रेक मी कसा दाबू? झिजतो."

असा हा माणूस. गेल्या दिवाळीत मला घरापर्यंत सोडायला आला आणि फाटकाशी थांबून म्हणाला, "मास्तर, एक मोटार घ्यावी म्हणतो. परवडणारी. पण स्पोर्ट्स." शेवटचा शब्द इतका हळू उच्चारला की मला वाटलं, काही दुखणं निघालं आहे.

परवडणारी स्पोर्ट्स कार. ही वस्तू असते का? मी हा प्रश्न त्यांना विचारला. त्यांनी विचार करून ठेवला होता. त्यांचं म्हणणं असं. गाडीची किंमत ही गाडीची किंमत नव्हे. टायरची किंमत ही गाडीची किंमत. जड गाडी वळणावर टायर खाते आणि ब्रेक खाते. म्हणून गाडी हलकी हवी. दुसरं, जिचा सुटा भाग उल्हासनगरात मिळत नाही ती गाडी परवडणारी नाही, फुकट मिळाली तरी. आणि तिसरं, रविवारी पट्टीवर पळवल्यावर सोमवारी त्याच गाडीतून कामावर जाता आलं पाहिजे. कारण मोडून घरी बसलेली गाडी सर्वांत महाग. मी म्हटलं, आणि वेग? ते म्हणाले, "वेग आपण आणायचा. गाडीने फक्त नाही म्हणू नये."

इतकं स्पष्ट डोकं असलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी कोणाकडे तरी जाऊन गाडी विकत घ्यावी की नाही? आपल्या वसाहतीत तसं होत नाही. आपल्या कारखान्यात खराटा घ्यायचा तरी तीन कोटेशनं लागतात. बंद लिफाफ्यात. खरेदी समिती लिफाफे उघडते, तुलनेचा तक्ता करते आणि सर्वांत कमी दराचं कोटेशन स्वीकारते. आयुष्यभर विष्णुपंतांनी दुसऱ्या रीतीने काही विकत घेतलेलं नाही. व्यवस्थापक साहेब हसत आहेत. साहेब, घरची कणीसुद्धा ते तीन दुकानांत विचारून आणतात. माईंना विचारा.

तेव्हा मंडळाने खरेदी समिती नेमली. हिंदुराव अध्यक्ष, मी चिटणीस, विष्णुपंत ग्राहक. माईंना समितीत घ्यावं असं कोणालाही सुचलं नाही. याची नोंद व्हावी.

पहिली गाडी कारखान्यातल्या धाकट्या साहेबांची. इंग्रज मुलगा, विलायतेला परत निघालेला. हिरवी एम. जी. लांब नाक, तारांची चाकं. आपल्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल. ती क्लबाच्या दारात उभी असली तरी पळते आहे असं वाटायचं. विष्णुपंत कोटासकट तिच्याखाली झोपले. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "इंजिन उत्तम. ब्रेक उत्तम. सुटे भाग उल्हासनगरात नाहीत." पण हे बोलताना त्यांचा हात तिच्या मडगार्डवर होता, आणि तो हात काही निघत नव्हता.

हिंदुराव म्हणाले, "पंत, डोळे मिटून घ्या."

"डोळे मिटून घेतलेली वस्तू डोळे उघडल्यावर महाग पडते."

"अहो, मग एक डोळा मिटा!"

साहेब म्हणाला, उद्या घेऊन जा. आम्ही त्याला सांगितलं, लेखी दर द्या, लिफाफा बंद करा, अजून दोन कोटेशनं यायची आहेत. त्याने दिलं. हसून दिलं. दुसरं कोटेशन येईपर्यंत कुलाब्याचे एक गृहस्थ आले, गाडीत बसले आणि ती चालवत घेऊन गेले. बातमी आली तेव्हा विष्णुपंत लेथवर वाकून काहीतरी पाहत होते. म्हणाले, "पद्धत बरोबर होती." पण माईंनी मला नंतर सांगितलं की ते दोन दिवस डबा तसाच परत आणत होते.

दुसरी गाडी ताहिलरामांची. त्यांचं कराचीत स्वतःचं गॅरेज होतं. फाळणीनंतर कॅम्पातल्या बराकीसमोर त्यांनी नव्याने उभं केलं, तेही लष्कराच्या लिलावातल्या भंगारावर. त्यांनी एक गाडी बनवली होती. खालचा सांगाडा जीपचा, अंग विमानाच्या पत्र्याचं, आवाज दोन्हींचा मिळून.

"साईं, शेर आहे, शेर," ताहिलराम म्हणाले.

विष्णुपंत म्हणाले, "ब्रेक?"

"साईं, शेरला ब्रेक कशाला?"

तरीही आम्ही कोटेशन मागितलं. ताहिलरामांना ही पद्धत मान्य नव्हती. ते म्हणाले, तुम्ही बोला, मी बोलतो, मग चहा पिऊ, मग पुन्हा बोलू, दर तर असाच ठरतो ना. पण लिहून दिलं. मग आम्ही गाडी पुन्हा पाहायला गेलो, त्यांनी दर उतरवला. तिसऱ्यांदा गेलो, आणखी उतरवला. हिंदुराव खूष झाले. विष्णुपंतांनी मात्र लिफाफा बंद झाल्यावर दर बदलला म्हणून ते कोटेशन बाद केलं. ताहिलराम दाराशी उभे आहेत, त्यांना अजूनही कळलेलं नाही की स्वस्त दिल्याबद्दल माणूस बाद कसा होतो. ताहिलराम, मलाही कळलेलं नाही.

तिसरी गाडी डॉक्टरांची. बेबी ऑस्टिन. बेलवलीहून सोनिवलीपर्यंत असा एक बांध नाही ज्याच्यावरून ती गेली नाही. तिला पाहून गावातली पोरं हात पुढे करतात, कारण ती आली की इंजेक्शन येतं हे त्यांना पाठ आहे. डॉक्टरांनी कोटेशन आपल्या औषधाच्या कागदावर लिहिलं होतं. मी ते समितीपुढे वाचलं. "बेबी ऑस्टिन एक. रोज सकाळी हँडल मारून, उपाशीपोटी. चढावर विश्रांती द्यावी. राग करू नये." खाली दर होता. तो सर्वांत कमी होता. तसाही तोपर्यंत एकच लिफाफा उरला होता.

समितीने शिफारस केली. हिंदुराव म्हणाले, "ही स्पोर्ट्स कार? ही तर बाळाची ढकलगाडी!" विष्णुपंत पुढे झाले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मग बसले, मग ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. आणि म्हणाले, "हलकी आहे. सुटे भाग उल्हासनगरात मिळतात. सोमवारी कामावर नेते." जे त्यांनी दिवाळीत सांगितलं होतं ते सगळं तिच्यात होतं. आम्ही मात्र तिथे पौषात पोचलो.

आता स्पोर्ट्सचं राहिलं. ताहिलरामांनी ते केलं. बाद झाल्याचा राग न धरता केलं. स्पोर्ट्स कार म्हणजे काय, हे मला त्यांच्या बराकीसमोर बसून कळलं. जिच्यातून काढता येईल ते सगळं काढलं आहे ती. टप काढला, दारं काढली, मडगार्ड काढले, मागचा बाक काढला. राहिलं ते पळण्यापुरतं. मी मुलांचे निबंध याच रीतीने तपासतो, पण मुलं ताहिलरामांइतकी शांत नसतात.

गाडी तयार झाली. माघ लागला. मग विष्णुपंत घरी गेले आणि माईंना म्हणाले, रविवारी मी फेरी मारणार आहे, तुम्ही पाहायला या.

माई म्हणाल्या, नाही.

इथे तुम्हाला या घरातला एक जुना करार ठाऊक असायला हवा. लग्नाच्या वर्षी विष्णुपंतांनी मित्रांच्या पैजेवर कृष्णेच्या पुरात उडी टाकली होती. निघाले ते खालच्या घाटावर. माईंना हे धुणं धुणाऱ्या बाईकडून कळलं. त्या रात्री त्यांनी शब्द घेतला, मी पाहत नसताना असलं काही करायचं नाही. विष्णुपंतांनी दिला. शब्द दिला की तो त्यांच्याकडे नियमच होतो. म्हणून माई धावपट्टीवर येणार नसतील तर विष्णुपंत गाडी काढणार नाहीत. आणि माई येणार नाहीत.

मंडळाने मला पाठवलं. चिटणीस आहात, बोलता येतं, जा. मी गेलो. माई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होत्या. मी धावपट्टीचं वर्णन केलं. मोकळं माळरान, मलंगगडाचा कडा, सकाळचं ऊन. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या,

"मास्तर, मी उभी राहून काय बघू? हे लांब गेले की धूळ, जवळ आले की आवाज."

मी म्हटलं, बाकीच्या बायका येतात. सरबत असतं.

"मला तहान लागलेली नाही." मग हातातली शेंग सोलून म्हणाल्या, "भोंगा झाला की हे जायचे. मी दारात. भोंगा झाला की यायचे. मी दारात. तीस वर्षं मी यांचं जाणं-येणं उभी राहून पाहिलं. आता भोंगा संपला. तरी मी उभीच?"

मी विचारलं, मग काय करायचं?

"बसवा म्हणावं शेजारी. येते."

मी धावत विष्णुपंतांकडे गेलो. म्हटलं, सुटलं, माई येतात, त्यांना शेजारी बसवा. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "चौथा नियम."

तर असं हे अडलं आहे. माईंशिवाय फेरी नाही, कारण शब्द. माईंना घेऊन फेरी नाही, कारण नियम. दोन्ही एकाच माणसाचे. नियम बदलावा म्हणाल, तर नियम बदलायला चौदा दिवसांची सूचना लागते, आणि तो नियमही...

"अध्यक्ष महाराज, इथंच सभा भरवा! सगळे सभासद हजर आहेत!"

हिंदुराव, बसा. ही सूचना मी विष्णुपंतांना संध्याकाळी चार वाजता केली होती. बघा. आत्ता जशी हलली तशीच मान तेव्हाही हलली. आपल्या सोयीसाठी नियम बदलणारा मी नव्हे, असं ते म्हणाले. तुम्ही हसता. पण तीन हिवाळे आपण एकमेकांच्या वेळांवर कधी भांडलो नाही, ते या मानेमुळे.

मी नियम मोडा म्हणत नाही. शब्द मोडा म्हणत नाही. मास्तर माणूस, दोन्ही मला प्रिय. मला फक्त एक गोष्ट सांगायची आहे. ती विष्णुपंतांनी माईंना सांगितली नाही, आणि सांगणारही नाहीत.

ताहिलरामांनी गाडीतलं सगळं काढलं असं मी म्हटलं. ते पूर्ण खरं नाही. समितीने ठराव केला होता की डावीकडची बैठकही काढावी. फेरी एकट्याने मारायची, दुसरी बैठक कशाला? नुसतं वजन. हिंदुरावांनी मांडला, मी अनुमोदन दिलं, एकमताने पास. विष्णुपंत त्या दिवशी रात्रपाळीवर होते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कॅम्पात गेलो. ताहिलराम पान्हा घेऊन बैठकीचे बोल्ट सोडवायला वाकले. विष्णुपंतांनी बैठकीवर हात ठेवला.

म्हणाले, "ही राहू द्या."

हिंदुराव म्हणाले, "पंत, वजन."

"तोल राहतो."

ताहिलराम म्हणाले, "साईं, तोलासाठी रेतीची गोण ठेवू ना? बैठक काढतो, गोण ठेवतो."

"गोण नको."

हिंदुराव म्हणाले, "पंत, समितीचा ठराव आहे."

आणि विष्णुपंत म्हणाले, माझ्या समोर म्हणाले, "असू दे."

माई, समितीचा ठराव त्यांनी मानला नाही असा प्रसंग मला दुसरा माहीत नाही. हिरवी एम. जी. गेली तेव्हाही त्यांनी पद्धत मोडली नाही. ताहिलराम, खरं ना?

"सच है साईं. हात नही उठाया. मी विचारलं पण, क्यूं. बोलले नाही."

एवढंच. त्या बैठकीवर अजून कोणी बसलेलं नाही. ताहिलरामांनी तिला न सांगता नवं कापड घातलं आहे. त्याचे पैसे ते घेत नाहीत, हे जाता जाता. उद्या काय व्हावं हे मी सांगत नाही. ते माझं काम नाही. बैठक आहे, हे सांगायचं होतं. ते सांगितलं.

माई, आपण काही म्हणालात?

"म्हटलं, मास्तर, चहा निवतोय."

होय. आवरतं घेतो.

विष्णुपंत, निरोपाच्या भाषणात माणसाला पर्वताची आणि वटवृक्षाची उपमा देतात. तुम्हाला ती चालणार नाही. पर्वत हलत नाही आणि वटवृक्षाचे सुटे भाग मिळत नाहीत. तुम्ही आम्हाला वाट पाहायला शिकवलंत. नवसूचा हात वर होईपर्यंत, धूळ खाली बसेपर्यंत, आधीची गाडी बाहेर येईपर्यंत. आमच्यापैकी बरेच जण जिवंत आहेत ते यामुळे, आणि दाजी पडले ते त्याच्या आधी. तुम्ही गेल्यावर टेबलाशी कोण बसणार हे आम्ही अजून ठरवलेलं नाही. कोणी नाव सुचवत नाही. आपल्या वेळा आता खऱ्या राहणार नाहीत, असं सगळ्यांना वाटतं.

अध्यक्ष महोदयांनी मला बोलू दिलं, घंटी वाजवली नाही, त्यांचे आभार. व्यवस्थापक साहेबांनी सभागृह दिलं आणि मधे मधे हसले, त्यांचे आभार. डॉक्टरांनी गाडी दिली आणि आता बेलवलीहून सायकलने फिरतात, त्यांचे आभार मोटार मंडळाने मानावे की त्यांच्या रोग्यांनी, हे ठरत नाही, म्हणून दोघांच्या वतीने मानतो. दाबक्यांच्या घरातलं जे बाहेर बोलायचं नव्हतं ते मी भर सभेत बोललो. माझ्याकडे उद्यापर्यंतचाच वेळ होता. कोणाला लागलं असेल तर त्या घराने ते पोटात घालावं, आणि माझा चहा बंद करू नये. नमस्कार.

*

हे भाषण मंडळाच्या वार्षिकात छापायचं ठरलं, म्हणून पुढचं लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेवाळीला आम्ही सगळे आधी पोचलो होतो. बेबी ऑस्टिन उशिरा आली. विष्णुपंत चालवत होते. माई डावीकडे बसल्या होत्या. त्यांनी पदर कानांवरून घट्ट बांधला होता.

टेबलाशी हिंदुराव बसले होते. विष्णुपंतांनी गाडी त्यांच्याजवळ थांबवली आणि म्हणाले, "घड्याळ लावू नका."

हिंदुराव म्हणाले, "पंत, मग फेरी धरायची कशी?"

"धरू नका."

चौथा नियम घड्याळ लावलेल्या फेरीपुरताच होता. तीन वर्षं प्रत्येकाची वेळ घेणाऱ्या माणसाची स्वतःची वेळ कुठेच राहणार नव्हती. हिंदुरावांनी घड्याळ टेबलावर पालथं ठेवलं.

नवसूने हात वर केला. गाडी निघाली. चांगली निघाली. नवसूच्या वळणाला तिने वेग कमी केला, भातावर धूळ गेली नाही. मग सरळ पट्टीवर तिचा आवाज चढला. पट्टीच्या टोकाला चुन्याचा शेवटचा डबा आहे. तिथून सगळे वळून परत येतात. बेबी ऑस्टिन वळली नाही. ती डब्याला उजवीकडे ठेवून पट्टीवरून उतरली आणि बैलगाडीच्या वाटेने झाडांमागे दिसेनाशी झाली.

आम्ही थांबलो. पुढच्या गाड्या सोडल्या नाहीत. हिंदुराव जीप घेऊन पाहायला निघत होते. ताहिलराम म्हणाले, "नको साईं."

जेवणाची वेळ टळल्यावर ती दोघं परत आली. माईंच्या लुगड्याला गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटली होती. चाकांना ओला चिखल होता.

"कुठं गेला होता, पंत?" हिंदुरावांनी विचारलं.

विष्णुपंतांनी माईंकडे पाहिलं.

माई म्हणाल्या, "सरळ."